रंगीत छायाचित्र १८६१ साली, मग चित्रपट इतकी वर्षे काळापांढरा का राहिला?

अंत्रुजवासी

नमस्कार. फोंडा तालुक्यातील एका विद्यालयात मी विज्ञान शिकवते आणि चित्रपटाच्या आरंभकाळावर मुलांसाठी एक सत्र तयार करत आहे. २००४ पासून पणजीत आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरत असल्यामुळे आमच्या मुलांना चित्रपटाचे कुतूहल भरपूर आहे, परंतु पडद्यावरचा रंग तेथे कसा पोहोचला याचा विचार त्यांनी कधी केलेला नाही.

तयारी करताना एक गोष्ट मला उलगडत नाही. जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी रंगीत छायाचित्र १८६१ मध्ये दाखवले, तर ल्युमिएर बंधूंचा पॅरिसमधील पहिला जाहीर खेळ २८ डिसेंबर १८९५ रोजी झाला. म्हणजे रंग आधी आला आणि हालचाल चौतीस वर्षांनी आली. असे असताना चित्रपट जन्मतःच रंगीत का झाला नाही? दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा, तोही काळापांढराच. पुस्तकांत बहुतेक ठिकाणी ‘रंग महाग होता’ एवढेच उत्तर मिळते आणि ते मला अपुरे वाटते.

दुसरा प्रश्न घरचा आहे. डिचोलीजवळ माझ्या आजोळी एका पेटीत काचेवरचे एक चित्र आहे, त्यात बागेत बसलेली एक स्त्री दिसते. काच उजेडापुढे धरली की रंग दिसतात, एरवी ती जवळजवळ काळी वाटते. घरातील एक पूर्वज पोर्तुगीज काळात शिक्षणासाठी लिस्बनला होते आणि ते चित्र त्यांनीच आणले असावे, असे वडीलधारी माणसे सांगतात. हे हाताने रंगवलेले चित्र आहे की खरे रंगीत छायाचित्र, ते घरच्या घरी ओळखता येईल का?

साष्टीकर

ताई, नमस्कार. माझे आयुष्य मडगावातील एका स्टुडिओच्या डार्करूममध्ये गेले, त्यामुळे तुमच्या प्रश्नाकडे मी इमल्शनच्या, म्हणजे काचेवर किंवा फिल्मवर चढवलेल्या प्रकाशग्राही थराच्या बाजूने पाहतो. हालचाल टिपायची तर एक्सपोजर, म्हणजे त्या थरावर प्रकाश पडू देण्याचा वेळ, अत्यंत कमी हवे, आणि रंग टिपायचा तर त्या काळी ते फार जास्त लागत असे. ही दोन्ही कामे एकाच फिल्मकडून एकाच वेळी करून घेणे शक्य नव्हते. खर्चाचा मुद्दा त्याच्या पुष्कळ नंतर येतो.

१८६१ चा प्रयोग बारकाईने पाहिला म्हणजे हे लक्षात येईल. मॅक्सवेल यांना छायाचित्रणाची नवी पद्धत काढायची नव्हती. तांबडा, हिरवा आणि निळा या तीन रंगांच्या मिश्रणातून डोळा बाकीचे रंग अनुभवतो, हे त्यांना लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये श्रोत्यांना दाखवायचे होते. त्यासाठी थॉमस सटन या छायाचित्रकाराने चौकडीच्या रंगीत फितीची छायाचित्रे वेगवेगळ्या रंगांच्या द्रावणांतून घेतली, आणि मग प्रत्येक छायाचित्र त्याच्याच रंगाच्या प्रकाशात पडद्यावर एकावर एक पाडण्यात आले. सटन यांनी नोंदवलेली एक्सपोजरे अशी आहेत: निळ्या द्रावणातून सहा सेकंद, हिरव्यातून बारा मिनिटे आणि तांबड्यातून आठ मिनिटे. फीत जागची हलत नव्हती म्हणूनच हे साधले.

त्यातही गंमत अशी, की त्या वेळची कलोडियनची ओली काच (चिकट द्रावणाचा थर चढवून तो ओला असतानाच वापरायची काच) तांबड्या प्रकाशाला जवळजवळ आंधळीच होती. मग तांबड्या भागाचे चित्र उमटले कसे? याचा उलगडा व्हायला शंभर वर्षे गेली. फितीतील तांबडा रंग डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरणही परावर्तित करत होता, तांबड्या द्रावणातून ते किरण पार होत होते आणि काचेवर उमटले ते त्या किरणांचे चित्र, हे कोडॅकच्या संशोधकांनी १९६१ च्या सुमारास दाखवून दिले. म्हणून मी असे म्हणेन की १८६१ साली रंगाचे तत्त्व सिद्ध झाले, त्याचे साधन हातात आले नाही. १८६९ मध्ये फ्रान्समध्ये लुई ड्युको द्यू ओरों आणि शार्ल क्रो यांनी एकमेकांना न कळता तीन रंगांच्या छायाचित्रणाच्या पद्धती मांडल्या, परंतु त्यांच्यापुढेही अडचण तीच होती. इमल्शनमध्ये विशिष्ट रंगद्रव्य मिसळले तर ते हिरव्या-पिवळ्या प्रकाशालाही जागे होते, हे बर्लिनच्या हेर्मान फोगेल यांना १८७३ मध्ये आढळले. रंगीत छायाचित्रणाचा खरा आरंभ मी तेथे मानतो. सर्व रंगांना सारखी दाद देणाऱ्या काचा बाजारात यायला विसावे शतक उजाडले.

आता हालचालीकडे पाहा. एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे धावत्या घोड्याची छायाचित्रे बारा कॅमेऱ्यांनी घेतली, तेव्हा एवढ्या अल्प एक्सपोजरला पुरेल इतका उजेड मिळावा म्हणून मागची भिंत आणि धावपट्टीसुद्धा पांढरी करावी लागली होती, आणि तरीही घोडे बहुतांशी काळ्या आकृतीसारखेच उमटले. पुढे जिलेटिनची कोरडी काच आली आणि वेग वाढला. १८८२ मध्ये एत्येन-ज्यूल मारे यांनी बंदुकीच्या आकाराच्या कॅमेऱ्याने सेकंदाला बारा चित्रे घेतली. १८८९ मध्ये ईस्टमन यांची सेल्युलॉइडची पारदर्शक फिल्म आली, तिच्या आधाराने एडिसन यांच्या प्रयोगशाळेत डिक्सन यांनी ३५ मिलिमीटर रुंदीची, कडेला भोके असलेली फिल्म पक्की केली, आणि ल्युमिएर बंधूंनी सेकंदाला सुमारे सोळा चित्रे घेणारे, हाताने फिरवायचे हलके यंत्र बनवले. सेकंदाला सोळा चित्रे म्हणजे प्रत्येक चित्राला सेकंदाच्या सोळाव्या भागाहूनही कमी वेळ, कारण तेवढ्यातच शटर मिटून फिल्म पुढे सरकायची असते.

याच ल्युमिएर बंधूंनी रंगीत छायाचित्रणाची पहिली व्यवहारात चालणारी काचही बनवली, ही गोष्ट मुलांना अवश्य सांगा. त्यांच्या घराण्याचा मूळ धंदा लियों शहरात छायाचित्रणाच्या काचा बनवण्याचा होता. ‘ऑटोक्रोम’ या काचेचे पेटंट त्यांनी १९०३ मध्ये घेतले आणि १९०७ मध्ये ती विक्रीला आणली. तिच्यात बटाट्याच्या पिठाचे, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे सूक्ष्म कण नारिंगी-तांबड्या, हिरव्या आणि निळसर जांभळ्या रंगांत रंगवून, एकत्र मिसळून काचेवर एकेरी थरात पसरलेले असत. कणांमधील फटी काजळीने बुजवून वर इमल्शन चढवलेले असे. हे कण बहुतेक प्रकाश गिळून टाकत, त्यामुळे भर उन्हातही एक सेकंद किंवा त्याहून अधिक एक्सपोजर द्यावे लागे. एकाच कारखान्यातून बाहेर पडलेल्या या दोन शोधांपैकी एकाला सेकंदाच्या सोळाव्या भागाहून कमी वेळ पुरत होता आणि दुसऱ्याला पूर्ण सेकंदही पुरत नव्हता. तुमच्या प्रश्नाचे उत्तर या दोन आकड्यांमधील अंतरात आहे.

तुमच्या आजोळच्या काचेसाठी सोनार वापरतात तसे चांगले भिंग घ्या, काचेमागे पांढरा कागद लावून मंद उजेड द्या आणि चेहरा किंवा आकाश अशा सपाट रंगाच्या जागी पाहा. रंग एकसंध पसरलेला दिसला, कुंचल्याचे फटकारे दिसले किंवा रंग आकृतीच्या कडेबाहेर गेलेला आढळला, तर ते हाताने रंगवलेले चित्र. तिन्ही रंगांचे अनियमित ठिपके, मध्येच एकाच रंगाचे पुंजके दिसले तर ऑटोक्रोम. रेषा आणि चौकोनांची नियमित जाळी दिसली, तर ड्यूफेकलरसारखी नंतरची एखादी पद्धत समजावी. काच पुसू नका. ओले फडके तर मुळीच लावू नका.

म्हादईकाठ

साष्टीकर यांनी सांगितलेले मूळ कारण मला पूर्ण पटते. फक्त ‘काळापांढरा’ या शब्दाला थोडी मर्यादा घालावी असे वाटते, कारण आरंभीच्या चित्रपटांपैकी पुष्कळसे पडद्यावर रंगीतच दिसत होते. कॅमेऱ्याला रंग टिपता येत नव्हता, म्हणून तो नंतर चढवला जाई. पॅरिसमध्ये एलिझाबेथ तुलिये यांच्या कारखान्यात शेकडो स्त्रिया फिल्मवरील एकेक चित्र बारीक कुंचल्याने रंगवत, आणि सेकंदाला सोळा या हिशेबाने एका मिनिटाच्या फिल्ममध्ये ९६० चित्रे असतात, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कामातील चिकाटी कळते. पुढे पाथे कंपनीने प्रत्येक रंगासाठी फिल्मचाच साचा कापून रंग भरण्याची पद्धत रूढ केली. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे अख्खी फिल्म रंगाच्या पाण्यात बुडवणे: रात्रीच्या प्रसंगाला निळी, दिव्याच्या उजेडाला पिवळसर, आगीला तांबडी. मूकपटांच्या ज्या प्रती आज आपण निव्वळ काळ्यापांढऱ्या पाहतो, त्यांपैकी कितीतरी मुळात अशा रंगवलेल्या होत्या आणि नंतर प्रती काढताना त्यांचा रंग गळून गेला.

आपल्या मराठी प्रेक्षकाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन १८९० च्या दशकात काचेवर रंगवलेली चित्रे प्रकाशझोताने पडद्यावर पाडून पुराणकथांचे खेळ करत. ‘शांबरिक खरोलिका’ हे त्या खेळाचे नाव. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर यांचा सिनेमॅटोग्राफ प्रथम दाखवला गेला, त्याच्या आधीपासून आपल्या काही लोकांना पडद्यावर रंग पाहण्याची सवय होती. सिनेमा आला तेव्हा त्यांना चित्र हलताना मिळाले आणि रंग मात्र गेला.

फाळक्यांविषयीचा तुमचा उल्लेख मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण रंगाचे ज्ञान नसल्यामुळे त्यांचा चित्रपट काळापांढरा राहिला असे मुळीच नाही. जे. जे. कला विद्यालयात आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेला हा माणूस चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छपाईच्या धंद्यात होता आणि रंगीत छपाईची यंत्रे व तंत्र समजून घेण्यासाठी १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आला होता. मूळ चित्राचे फिल्टरमधून तीन भाग करायचे, प्रत्येकाचा ब्लॉक (छपाईचा ठसा) बनवायचा आणि तीन शाया कागदावर एकावर एक अचूक बसवायच्या, हे मॅक्सवेल यांच्या तत्त्वाचेच छापखान्यातील रूप त्यांच्या परिचयाचे होते. कागद ब्लॉकखाली स्थिर राहतो, मूळ चित्रही कॅमेऱ्यापुढे हवा तितका वेळ स्थिर ठेवता येते. दादरच्या उन्हात अभिनय करणाऱ्या नटांना तसे ठेवता येत नाही. लंडनहून आणलेल्या विल्यमसन कॅमेऱ्यासाठी फिल्मला भोके पाडण्याचे कामसुद्धा घरात करावे लागत होते आणि त्यात सरस्वतीबाईंचा मोठा हात होता. अशा परिस्थितीत त्यांनी जे उभे केले त्याचे मोल रंगाच्या अभावाने कमी होत नाही.

अंत्रुजवासी

दोघांचेही मनापासून आभार, देव बरे करो. भिंगातून काच पाहिली. सपाट जागी तिन्ही रंगांचे अनियमित ठिपके स्पष्ट दिसतात आणि मध्ये मध्ये हिरव्याचे पुंजकेही आहेत. काचेच्या चारही कडांना काळ्या कागदाची पट्टी चिकटवलेली आहे. एका कोपऱ्यात मात्र हिरवट डाग पसरला आहे.

एक शंका उरते. तीन रंगांची तीन चित्रे वेगवेगळीच घ्यायची असतील, तर चित्रपटात ती सोपी पडायला हवीत, कारण फिल्म एकामागून एक चित्रे घेतच असते. पहिले चित्र तांबड्या फिल्टरमधून, दुसरे हिरव्या, तिसरे निळ्यातून, आणि दाखवताना तोच क्रम, असे कोणी केले नाही का?

म्हादईकाठ

केले, आणि फार लवकर केले. एडवर्ड टर्नर या इंग्रज तंत्रज्ञाने १८९९ मध्ये नेमक्या याच कल्पनेचे पेटंट घेतले. १९०२ च्या सुमारास त्याने काढलेल्या फिल्ममध्ये बागेत सूर्यफुले घेतलेली त्याची मुले, सोनेरी मासे आणि एक मोठा पोपट दिसतो. परंतु तिन्ही चित्रे पडद्यावर एकमेकांवर नीट बसवणे त्याच्या प्रोजेक्टरला जमले नाही आणि १९०३ मध्ये तो वारला. ब्रॅडफर्डच्या संग्रहालयाने त्या फिल्ममधील चित्रे संगणकावर जुळवून २०१२ मध्ये लोकांपुढे ठेवली तेव्हा प्रथमच तिचे रंग नीट दिसले.

टर्नरला पैसा पुरवणाऱ्या चार्ल्स अर्बन यांनी मग जॉर्ज अल्बर्ट स्मिथ यांच्याकडे काम सोपवले. स्मिथ यांनी तिसरा रंग सोडून दिला आणि फक्त तांबडा व हिरवा ठेवला. कॅमेऱ्यापुढे आणि प्रोजेक्टरपुढे फिरती रंगीत चकती, सेकंदाला सुमारे बत्तीस चित्रे, म्हणजे नेहमीच्या दुप्पट वेग. हेच ‘किनेमाकलर’. १९०९ पासून लंडनमध्ये त्याचे जाहीर खेळ सुरू झाले आणि त्याचे सर्वांत गाजलेले चित्रण आपल्या देशातील आहे: डिसेंबर १९११ चा दिल्ली दरबार. त्याचा खेळ २ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनच्या स्काला थिएटरमध्ये सुरू झाला. फाळक्यांचा चित्रपट पडद्यावर येण्याच्या वर्षभर आधी भारतातील हत्ती, घोडदळ आणि राजेरजवाडे लंडनच्या प्रेक्षकांनी ‘नैसर्गिक रंगांत’ पाहिले होते, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते, कारण ज्या लोकांचे ते रंग होते त्यांच्या हाती ते तंत्र यायला आणखी पाव शतक जावे लागले. त्या चित्रणाचा आज अगदी थोडा भाग शिल्लक आहे.

किनेमाकलरचे दोष तुमच्या शंकेतच दडलेले आहेत. चित्रे एकामागून एक घेतली की तांबडे चित्र आणि हिरवे चित्र यांच्यामध्ये काही क्षण जातात, आणि तेवढ्यात घोड्याचा पाय पुढे गेलेला असतो. मग पायाच्या एका कडेला तांबडी आणि दुसऱ्या कडेला हिरवी झालर दिसते. प्रत्येक चित्राला वेळ निम्मा, त्यात फिल्टर प्रकाश खातो, म्हणून चित्रण कडक उन्हातच करावे लागे. निळा रंग तर नीट येतच नसे. शेवटी पेटंटच्या अर्जात दिलेले नैसर्गिक रंगांचे आश्वासन पद्धत पाळत नाही, या मुद्द्यावर रंगीत चित्रपटाची दुसरी पद्धत काढणारे विल्यम फ्रीझ-ग्रीन यांच्या बाजूने आव्हान दिले गेले आणि १९१५ पर्यंत पेटंट रद्द झाले. शिवाय प्रत्येक चित्रपटगृहाला वेगळा प्रोजेक्टर घ्यावा लागे, तो भाग निराळाच.

सुटका झाली ती टेक्निकलर कंपनीच्या १९३२ च्या पद्धतीने. तिच्या कॅमेऱ्यात लोलकाने प्रकाश विभागून तीन निगेटिव्ह एकाच क्षणी उठवल्या जात, त्यामुळे झालर नाहीशी झाली. त्याची किंमत म्हणून स्टुडिओत प्रचंड उजेड करावा लागे. प्रत काढण्याची रीत तर पाहण्यासारखी आहे: प्रत्येक निगेटिव्हवरून जिलेटिनचा उठावाचा साचा बनवायचा, तो रंगात भिजवायचा आणि तीन रंग कोऱ्या फिल्मवर एकावर एक छापायचे. फाळक्यांना छापखान्यात ठाऊक असलेली तीन ब्लॉकांची छपाईच ही, कागदाऐवजी फिल्मवर केलेली. अशी प्रत कोणत्याही साध्या प्रोजेक्टरवर चालत असे, आणि ही पद्धत टिकली यामागे तेही एक मोठे कारण आहे.

आपल्याकडे प्रभातने १९३३ मध्ये ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रती जर्मनीहून करून आणल्या, पण रंग समाधानकारक उतरले नाहीत. १९३७ चा अर्देशीर इराणी यांचा ‘किसान कन्या’ हा देशातच प्रक्रिया झालेला पहिला रंगीत चित्रपट.

साष्टीकर

ताई, तुम्ही सांगितलेल्या खुणांवरून ती काच ऑटोक्रोमच दिसते. कडेची काळी पट्टी म्हणजे वर संरक्षणासाठी दुसरी काच लावलेली आहे. ऑटोक्रोमच्या काचा १९०७ पासून १९३० च्या दशकाच्या आरंभापर्यंत मिळत होत्या, तेव्हा लिस्बनच्या पूर्वजांचा काळ या चौकटीत बसतो का, ते घरी विचारून पाहा. या काचेची निगेटिव्ह नसते. जी काच कॅमेऱ्यात होती तीच उलट प्रक्रियेने पॉझिटिव्ह केलेली असते, म्हणून तुमच्या हातातील प्रत जगात एकमेव आहे.

हिरवा डाग ओलाव्याचा आहे. पिठाच्या कणांतील हिरवा रंग दमटपणाने सर्वांत आधी सुटून पसरतो आणि आपल्या पावसाळ्यात लोखंडी पेटी ही अशा काचेसाठी फार वाईट जागा आहे. पट्टी उकलून आतून साफ करण्याचा मोह टाळा. काच आम्लरहित कागदात गुंडाळून, उभी, घरातील कोरड्या आणि थंड कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, आणि पुड्या वेळोवेळी बदला. खिडकीत लावून ठेवू नका व प्रोजेक्टरमध्ये तर कधीच घालू नका, कारण हे रंग उजेडाने आणि उष्णतेने उडतात. मुलांना दाखवायची असेल तर मागून मंद पांढरा उजेड देऊन कॅमेऱ्याने एकदा चांगले छायाचित्र घ्या आणि तेच वर्गात वापरा.

बारदेशी

वर्गासाठी एक प्रयोग सुचवतो. मोबाइल तिवईवर पक्का बसवून फळांच्या टोपलीची तीन छायाचित्रे तांबड्या, हिरव्या आणि निळ्या जिलेटीन कागदातून घ्यावीत. नाटकाच्या दिव्यांना लावतात तो कागद चालतो. तिन्ही छायाचित्रे संगणकावर काळीपांढरी करून त्या त्या रंगाच्या स्तरात एकमेकांवर ठेवली की टोपली पूर्ण रंगांत दिसते. रशियात प्रोकुदिन-गोर्स्की यांनी १९०९ ते १९१५ या काळात याच पद्धतीने गावे, नद्या आणि माणसे टिपली. त्यानंतर हाच प्रयोग मांडवीच्या वाहत्या पाण्यावर किंवा हात हलवणाऱ्या मुलावर करावा. स्थिर भाग स्वच्छ येतो आणि हलणाऱ्या भागाला रंगीत झालर लागते, म्हणजे किनेमाकलरचा दोष मुलांना प्रत्यक्ष दिसतो. जिलेटीन कागद लावल्यावर मोबाइल आपोआप किती जास्त एक्सपोजर घेतो, तो आकडाही प्रत्येक वेळी फळ्यावर लिहायला लावा.